तिसरा सांधा

“बाबा, तो सांधा मी उघडायला लावणार आहे.”

“नको उघडूस, पोरी.” रंगाऱ्यांच्या मुकादमाने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला. “पूल टिकेल. विश्वास ठेव.”

पादचारी पुलाचा आराखडा लेकीचा आणि रंगकाम बापाचं, यावरून कामावर रोज थट्टा चालायची. आज कुणी हसत नव्हतं. सकाळी तिला तिसऱ्या सांध्याच्या फटीत ओल्या रंगाची रेघ दिसली होती.

तिथे रंग असता कामा नये. दोन पोलादी पट्ट्या बोल्टांनी करकचून आवळायच्या, म्हणजे त्या घर्षणावरच एकमेकींना धरून राहतात. मध्ये रंग आला की पकड गेली आणि हळूहळू बोल्टही सैल. पुलापलीकडे शाळा होती. नकाशा पुन्हा बघायची काही गरज नव्हती. तो तिनेच काढला होता.

“जोडण्याआधी रंग लागू नये म्हणून पट्ट्या आतून झाकल्या होत्या का? एवढंच सांगा.”

“तपासनीस येतील. त्यांना सांगेन, चूक माझी.”

“म्हणजे चूक झालीय! बाबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?”

बाबा ब्रश धूत राहिले. कामावर त्यांना सगळे रंगोबा म्हणत. एका जागी पाच मिनिटं उभा राहिलेल्या माणसालाही ते रंगाचे दोन हात मारतील, अशी त्यांची ख्याती होती. आणि आता निवृत्तीला दोन महिने राहिले असताना त्यांच्याविरुद्धचा अहवाल तिलाच लिहावा लागणार होता. तिला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि रडूही.

दुपारी तपासनीस आले. तिने स्वतःच फिटरला खूण केली. एकेक बोल्ट कुरकुरत सुटू लागला. शेवटचा, आठवा सुटला तशी ती पुढे वाकली.

पट्टी बाजूला झाली. आत नुसतं करडं, खरखरीत पोलाद. रंगाचा ठिपकासुद्धा नाही. रंग होता तो फक्त बाहेरच्या कडेला.

“बाबा!” तिचे डोळे भरून आले. “नुसती कड रंगवलीत? मग सकाळपासून माझा जीव का टांगणीला लावलात?”

बाबा सुटलेले बोल्ट गोळा करू लागले.

तपासनीसांनी मात्र भुवया चढवून नकाशाची गुंडाळी सोडली. “रंगोबा, हे आतून कोरं का?”

“चूक माझी, साहेब. नकाशा नीट वाचला नाही.”

“चाळीस वर्षांत प्रथमच?” तपासनीसांनी कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, “सांध्यांच्या आतल्या बाजूंसह सर्वत्र रंगाचे दोन हात द्यावेत.”

ओळीखाली तिची सही होती.