सैल पट्टी

मुलाची, सुबोधची, कॉम्प्युटरवर मीटिंग सुरू झाली की चारकोपच्या त्या एका खोलीत शेवंतीबाईंना ओट्यापाशी तोंड मिटून बसावं लागायचं. कुकरची शिट्टी नको, टीव्ही नको, शेजारणीशी दारात बोलणं नको. कोकणात या बांधावरून त्या बांधावर हाक मारणारी बाई आता घसा खाकरायलाही घाबरायची.

सुटका एकच होती. एखाद्या सकाळी कॉम्प्युटर नुसता घरघरायचा, स्क्रीनवर काही यायचंच नाही. मग सुबोध चरफडत अंधेरीच्या ऑफिसला जायचा आणि घर शेवंतीबाईंचं व्हायचं. रोज दिवा लावताना त्या गाऱ्हाणं घालायच्या, "बा म्हाराजा, आज ह्यो पडदो काळोच ऱ्हवांदे."

रविवारी मेकॅनिक आला. सीपीयूचं झाकण सरकवून म्हणाला, "मावशी, ही रॅमची पट्टी सैल झाली की डिस्प्ले येत नाही. आपोआप कशी निघते, कळत नाही. पण आता घट्ट बसवलीय, टेन्शन नाही."

शेवंतीबाईंनी पट्टीची जागा नीट पाहून ठेवली. सोमवारी सुबोध आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी सीपीयूचं झाकण सरकवलं.

पट्टी कुणीतरी आधीच उपसून ठेवली होती.

झाकण लावून त्या लगबगीने ओट्यापाशी आल्या. सुबोध आवरून बाहेर आला, त्याने बटण दाबलं आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली! परत डिस्प्ले नाही. जावं लागणार ऑफिसला."



बटण दाबायच्या आधीच त्याने पायांत मोजे चढवले होते.