मोठ्या आवाजाचा रेडिओ

“नीट आठवून बघा ना, आजी. एखादं गाणं? एखादी श्रुतिका?” जहिराने पुन्हा विचारलं.

लंकाबाईंनी मान हलवली. “न्हाई गं पोरी. काईच आठवत न्हाई.”

जहिराने मोबाईलकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालू होतं आणि त्यात कामाचं काहीच नव्हतं. ती सकाळच्या एसटीने संगमनेरहून निघाली होती, पारनेरला उतरून मिळेल त्या रिक्षाने या गावात पोचली होती. जनसंवादाच्या एम.ए.साठी तिचा प्रबंध होता. जुन्या काळी खेड्यातल्या बायकांनी रेडिओवर काय ऐकलं आणि त्याने त्यांचं जगणं कसं बदललं, हे तिला शोधायचं होतं. गावात ज्याला विचारलं त्याने हेच घर दाखवलं. लंकाबाईंच्या रेडिओइतका मोठा आवाज कुणाचाच नसायचा, म्हणे. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनीही बजावलं होतं, एक तरी पक्की श्रोती मिळाली नाही तर प्रबंध उभा राहणार नाही.

“पण सगळं गाव सांगतं, तुमच्याकडे रोज रेडिओ लागायचा.”

“व्हय, रोज लागायचा. ह्यांनीच आनला हुता, आमचं लगीन झालं त्या साली.”

‘हे’ म्हणजे भागवतराव. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

“खोली एकच,” लंकाबाई सांगू लागल्या. “सासू, सासरे, दोन दीर, समदे तितंच. नवऱ्यासंगं बोलायची सोय न्हवती. ह्यांनी रेडिओ मुद्दाम चुलीजवळच्या कोनाड्यात ठिवला. मी भाकरी थापायला बसले, की हे यायचे अन् आवाज मोठ्ठा करायचे. मग आमी हळूच बोलायचो. सासू म्हनायची, पोराला रेडिओचं लई याड हाय!” पदर तोंडाला लावून त्या हसल्या. क्षणभर नव्या नवरीसारख्या दिसल्या.

जहिरालाही हसू आलं. पण तिच्या सगळ्या प्रश्नांवर पाणी पडलं होतं.

“म्हणजे तुम्ही रेडिओ ऐकलाच नाही? मग इतकी वर्षं रोज ऐकत काय होतात?”

लंकाबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

“ह्यांचं बोलनं,” त्या म्हणाल्या. “त्ये इचार की. त्ये समदं आठवतंय मला.”