माणसे : शून्य

जुना एसी बदलताना इमारतीला गार हवा किती लागेल, याचा हिशेब करणाऱ्या मुलीने शेवटच्या मजल्यावरचं शेवटचं दार ढकललं आणि गरम भपकारा तोंडावर आला. वर पत्रा, उन्हाची भिंत, एकच खिडकी आणि तीही फायलींनी बुजलेली. नकाशात लिहिलं होतं : जुने कागद, माणसे शून्य. शून्य म्हणजे या खोलीला गार हवेची नळीच नाही. पण कागदावरच्या खोलीला घाम येत नाही, असं म्हणून ही बाई प्रत्येक दार उघडून बघायचीच.

आत तिचे वडील बसले होते. अंगात बनियन, मानेवर ओला रुमाल.

"तुला सकाळीच बजावलं होतं ना, वर नुसती अडगळ आहे म्हणून!" ते घाईघाईने शर्ट चढवू लागले. बाही काही केल्या सापडेना.

तिने तापमापक टेबलावर ठेवला. एकेचाळीस.

"किती वर्षं बसताय इथे?"

"झाली असतील अकरा."

अकरा वर्षं! आणि हेच गृहस्थ दर उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर मुलांच्या खोलीत ढकलायचे. "मला नको रे बाबांनो, ऑफिसात दिवसभर कुडकुडतोय." आई बिचारी डब्याबरोबर स्वेटर द्यायची आणि हा पठ्ठ्या तो मुकाट्याने घेऊन निघायचा. स्वेटर समोरच खिळ्याला लटकत होता. तिला हसू फुटलं.

तिने पेन काढलं आणि शून्यावर काट मारली.

"अगं, राहू दे तसंच! लोक म्हणतील, पोरीने बापाची सोय लावली. आणि माझ्या निवृत्तीला राहिलेत किती? चार महिने."

"म्हणू देत. माणूस बसतो तिथे माणूस धरावाच लागतो."

"साहेबांनी विचारलं तर?"

"दुपारी तासभर इथे येऊन बसा म्हणावं. ज्याचं जळतं त्याला कळतं."

"पण चार महिन्यांसाठी कशाला उगाच..."

"तुमच्यानंतर कोण येणार इथे?"

"येईल कोणीतरी."

तिने ठळक 'एक' लिहिला आणि खाली सही ठोकली.

"त्यालाही घरी पोरं असतीलच ना, बाबा?"