उशिरा पोचणारा ड्रम

पडद्यावर पुन्हा लाल फुली उमटली आणि खोलीत हशा पिकला.

धाकटीने काठ्या प्लास्टिकच्या ड्रमवर ठेवल्या. तिचे कान तापले होते. बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्याची एकच जागा होती आणि ती दादाला किंवा तिला मिळणार होती. निवडीची तऱ्हा गिटारवाल्याने काढलेली: खरा ड्रम वाजवला की शेजारी अंगावर येतात, तेव्हा या व्हिडिओ गेमवर ज्याचे गुण जास्त, तो आत. बँडचा म्होरक्या तोच. त्याच्यापुढे बोलणार कोण?

"तुझा हात उशिराच पडतो," गिटारवाला म्हणाला. "मशीनचं तुझ्याशी काय वैर आहे का?"

"लहानपणापासून अशीच. सगळीकडे उशिरा!" दादाने पुस्ती जोडली. "बघ आता."

दादा बसला. गेम त्याचाच, घरून आणलेला. त्यावर त्याचा हात पक्का बसलेला. हिरव्या खुणांची नुसती रांग लागली. बँडमधली पोरं शिट्ट्या मारू लागली. धाकटी रडायच्या बेतात आली. आपल्याला लय नाहीच की काय? नको ते बघणं, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

आणि मग तिला ऐकू आलं. आधी दादाच्या काठीचा 'टक', मागून गाण्यातला ठोका. दर वेळी, अगदी नेमाने!

"अरे, हा आधी मारतोय!" ती ओरडली. "हा प्लास्टिकचा ड्रमच फटका गेमपर्यंत उशिरा पोचवतो. घाई करेल त्यालाच गुण!"

"हरलीस की ड्रम वाईट होय गं?" दादा हसला.

"मग कर ना टीव्ही बंद. त्या खऱ्या ड्रमवर बस आणि याच्या गिटारला साथ दे."

कोपऱ्यातल्या ड्रमवरची चादर निघाली. गिटारवाल्याने सुरुवात केली, दादाने काठ्या चालवल्या आणि बघता बघता गाणं विस्कटलं. दादा पुढे, गिटार मागे.

"अरे, पळतोस कुठे?" गिटारवाला खेकसला.

पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. गेमने हाताला घाई लावून ठेवलेली. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

मग धाकटी बसली. पहिल्या ठोक्यापासूनच ड्रम आणि गिटार जुळले. गिटारवाल्याने मुद्दाम चाल वाढवली. ती बरोबर गेली. त्याने एकदम संथ केली; ती तिथेही हजर. पठ्ठ्या शेवटी हसायलाच लागला. "जागा तुझी!" तो वाजवता वाजवताच ओरडला. धाकटीला इतका आनंद झाला की हसू आवरेना, पण हातांचा ठेका मात्र जराही चुकला नाही.

गाणं संपत आलं. दादा तिच्यासमोर उभा राहून टाळ्यांनी ठेका धरू बघत होता. टाळी अजूनही जराशी आधीच पडत होती.

"थांबू नकोस गं," तो म्हणाला. "आत्ता कुठे ठेका सापडायला लागलाय."