बिनवासाची वडी

मुलीच्या पत्राला नाकसाहेबांनी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही, देता येत नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. आईला जाऊन वर्ष होत आलं तरी झोप लागत नाही, असं तिनं लिहिलं होतं. लहानपणी संध्याकाळी आईच्या खांद्यात तोंड खुपसलं की एक वास यायचा. तो मिळाला तर झोप लागेल. इथल्या दुकानांत शोधला, सापडला नाही. ‘आई कोणता साबण, कोणता शाम्पू वापरायची? तुम्ही साबणातच जन्म काढलात, एवढं तरी तुम्हाला सांगता येईल.’

बस. ‘तुम्ही कसे आहात’ नाही, की खाली नमस्कार नाही. त्यांना राग आला नाही. घरात असून तुम्ही नसल्यासारखे, कायम पुस्तकात डोकं घालून, असं ती घर सोडताना तोंडावर बोलली होती आणि त्यांना ते खोडून काढता आलं नव्हतं. आता ती मागत होती तेही तिच्या आईचं. त्यांनी फक्त नाव सांगायचं होतं. तेवढंही जमलं नाही, तर ती पुन्हा लिहिणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

निवृत्त होईपर्यंत ते साबणाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत होते. तपासणीआधी गच्चीवर जाऊन मोकळी हवा घ्यायचे, कारण कारखान्याचा स्वतःचा वास आतल्या माणसाला येईनासा होतो. मग डोळे मिटून वडी नाकाशी धरायचे आणि तेल कोणतं, सुगंध कोणता, सगळं सांगायचे. म्हणून नाकसाहेब. पण स्वतःची बायको केसांना काय लावते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

“बाई ना?” दुकानदार म्हणाला. “ती पांढरी, बिनवासाची वडी न्यायच्या. तान्ह्या बाळांची. सुगंधी काही लागलं की अंगावर चट्टे उठायचे त्यांच्या.”

“आणि केसांना?”

“तीच. एकदा शाम्पूची पुडी फुकट दिली, तर दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. साहेब, तुम्ही घरातले आणि मला विचारताय?”

नाकसाहेबांनी वडी घेतली. घरी येऊन हुंगली. खोबरेल, जरासं ग्लिसरीन, पुढे काही नाही. हे उत्तर म्हणून पाठवायचं कसं? पोरीला वाटेल, म्हाताऱ्याला माहीत नाही म्हणून काहीतरी कळवतोय. मग ते रोज एकेक बाटली आणू लागले.

मेहुणी त्यांचे इस्त्रीचे कपडे घेऊन आली तेव्हा टेबलावर जागा उरली नव्हती.

“भावजी, न्हाव्याचं दुकान टाकताय की काय?”

त्यांनी पत्र पुढे केलं. तिनं ते वाचलं आणि खुर्ची ओढून बसली. “दाखवा मग एकेक.”

“बाटलीवरच्या यादीत पहिलं असतं पाणी,” ते सांगू लागले. “मग फेस करणारं. हा कडक सल्फेटवाला, मळाबरोबर केसांतलं तेलही ओढून नेतो. हा त्याचाच मवाळ भाऊ. आणि हा साखरेपासून केलेला, नाजूक कातडीला चालतो. सुगंध अगदी शेवटी, चिमूटभर. लोक विकत घेतात तो मात्र सुगंधच.”

“ज्याला फेस जास्त तो चांगला ना?”

“फेस डोळ्यांच्या समाधानाला.”

“म्हणजे इतकी वर्षं मी फेसालाच पैसे मोजले,” ती म्हणाली आणि एकेक बाटली नाकाशी नेऊ लागली. “हा नाही. हाही नाही. पण पोरगी खोटं बोलत नाही, भावजी. ताईला वास होता. स्वच्छ, किंचित कडवट. मला आठवतो.”

इथेच त्यांचं घोडं अडलं होतं. वडीला वास नाही, बायकोला होता. त्यांनी जुन्या संध्याकाळी आठवून पाहिल्या होत्या. ते कामावरून यायचे. ती दारातच त्यांचा कोट घ्यायची, खांद्यावर टाकून तशीच चहा करायला वळायची. पोरगी तिला बिलगायची. ते पुस्तक उघडायचे. यात साबण कुठेच नव्हता.

मेहुणी इस्त्रीचे कपडे ठेवायला कपाटाशी गेली. ताईचे कपडे तिनंच कधीचे वाटून टाकले होते. त्यानंतर ते कपाट कोणी धड आवरलं नव्हतं. दार उघडून ती तशीच उभी राहिली.

“भावजी, इकडे या. ताई इथेच आहे.”

त्यांनी आत डोकं घातलं. दीर्घ श्वास घेतला.

“मला काहीच येत नाही.”

“काहीच नाही?”

“म्हातारं नाक. त्याचं काय ऐकायचं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं आतला हँगर, त्यावरच्या कपड्यासकट, बाहेर काढला आणि डोळे पुसले.

त्या दुपारी ते लिहायला बसले. पहिले कागद फाडून टाकले, त्यांत सल्फेटच फार झालं होतं. शेवटी कागदावर एवढंच उरलं, की आई बिनवासाची वडी वापरायची, आणि तू मागितलंस ते सोबत आहे. मजकुरावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून पुन्हा फाडायच्या आत त्यांनी पार्सल शिवलं आणि पोस्टात गेले.

कारकुनानं पार्सल दाबून पाहिलं. “शाम्पू वगैरे नाही ना? बाटली फुटली की दुसऱ्यांचा माल भिजतो.”

“नाही.”

“साबण?”

“तोही नाही.”

“मग लिहू काय?”

नाकसाहेब अडखळले. एवढं मोठं विधान त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

“माझा कोट,” ते म्हणाले. “कारखान्यातला.”