विरहाची लस

भुऱ्याच्या बाकी सगळ्या लसी झाल्या होत्या. राहिली होती ती विरहाची, आणि ती टोचल्याशिवाय कुठलंच डॉग हॉस्टेल आता कुत्रा ठेवून घेत नव्हतं.

"मालकाच्या आठवणीने अन्नपाणी सोडतात हो," हॉस्टेलचे डॉक्टर सामंत म्हणाले.

"पण नंतर उतरतो ना परिणाम?" हेमलताबाईंनी विचारलं.

"अजून तरी कुणाचा उतरलेला नाही."

उद्या हेमलताबाईंचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी होकार दिला.

सुई टोचताना भुऱ्याने त्यांच्या कुशीत तोंड खुपसलं. थोड्या वेळाने मान वर करून त्याने त्यांचा हात हुंगला, डॉक्टरांचाही तसाच हुंगला आणि शेपटी हलवत आत निघाला.

हेमलताबाईंनी हाक मारली. कुणीही हाक मारल्यावर पाहावं, तसं त्याने वळून पाहिलं.