लहान आकडे आधी

वर्गातला एसी बिघडलेला नव्हता, तरी मिस्त्री आज पुन्हा शिडीवर चढून त्याची जाळी पुसत बसले होते. खाली एमएस्सीचा वर्ग चालू होता. महासंगणकासाठी वैज्ञानिक प्रोग्रॅम कसे लिहायचे, याचा शेवटचा तास. पडद्यावर मिस्त्रींच्या बायकोनं लिहिलेला प्रोग्रॅम होता. ती जाऊन सात महिने झाले होते.

नदीचा पूर कुठवर चढेल, हे तो प्रोग्रॅम सांगायचा. तिच्या एका संगणकावर त्याला नऊ दिवस लागत. वर्गानं तेच काम महासंगणकात चार हजार ठिकाणी वाटून दिलं, तर अकरा मिनिटांत उत्तर. पण दर वेळी निराळं.

"तीनदा चालवला, तीन पूर आले," पुढच्या बाकावरची चुणचुणीत पोरगी म्हणाली. "यातल्या कुठल्या पुरात बुडायचं, मॅडम?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "आज जुळलं नाही तर हा प्रोग्रॅम मोडीत. पुढच्या वर्षी नवा." मग शिडीकडे न बघता त्यांनी वर्गाला विचारलं, "यातलं काय काढलंत?"

"काहीच नाही," पोरगी म्हणाली. "म्हणजे, एक फालतू पायरी. बेरजेच्या आधी या लिहिणाऱ्या बाई सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायच्या. अर्धा वेळ त्यातच जायचा. कशीही केली तरी बेरीज ती बेरीजच ना?"

"त्या पायरीच्या वर काही लिहिलं होतं?"

"'हे काढू नये.'" पोरगी ओशाळली. "पण मॅडम, तसं सगळेच लिहितात."

"ती उगाच लिहायची नाही," शिडीवरून आवाज आला. "तीस वर्षांत मला दोनदाच म्हणाली, हात लावू नका. दोन्ही वेळा लावला. दोन्ही वेळा शॉक बसला."

मॅडम उठून फळ्यापाशी गेल्या. एक अजस्र आकडा लिहिला, त्याखाली एक कणभर.

"संगणक सोळाएक अंकच धरून ठेवतो. एवढ्या मोठ्यात एवढासा मिळवला, की तो गळून पडतो. असे कोट्यवधी गळाले. चार हजार ठिकाणांहून आकडे येतात, कोण आधी येईल याचा नेम नाही, म्हणून दर वेळी वेगळे गळतात. लहान आधी एकत्र आले, की त्यांचंही वजन होतं." खडू थांबला. "सहा वर्षं शिकवतेय मी हे. आणि इथं मला दिसलं नाही."

पोरगीनं ती पायरी परत घातली. मिस्त्री शिडीवरून उतरले आणि शेजारच्या यंत्रांच्या खोलीत गेले.

काळ्या कपाटांच्या रांगा घोंघावत होत्या. त्यांच्या पाठीमागून निघणारी गरम हवा बाहेर काढणं, हेच मिस्त्रींचं इतक्या वर्षांचं काम. आज ते एका जाळीसमोर तळहात धरून उभे राहिले. चार हजार ठिकाणी तिच्याच ओळी एकदम चालू होत्या. झोत वाढत गेला. हातावरचे केस उभे राहिले.

सव्वा तासानं पोरगी धावतच आली. "काका, जुळलं! तिन्ही वेळा तेच! काकूंच्या जुन्या उत्तराशी शेवटच्या अंकापर्यंत जुळलं!"

मिस्त्रींनी मान डोलावली.

"चला ना, मॅडम बोलावतायत. इथलं काम संपलंय आता."

"येतो," ते म्हणाले. हात तसाच होता. "जरा थांब. अजून गरम आहे."